कॅडिलॅकची पत: बोल्ट, गॅस्केट आणि तिसरा मालक

कॅडिलॅक कशी गाडी आहे, हे अमेरिकेत कुणाला विचारता त्यावर उत्तर ठरतं. ज्यांचं तारुण्य १९५०-६० च्या दशकांत गेलं, त्यांच्या लेखी ती आयुष्यात काहीतरी कमावल्याची खूण आहे. ज्यांनी १९८०-९० च्या दशकांत घरची गाडी सारखी गॅरेजमध्ये पडलेली पाहिली, त्यांना ती कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) पिणारी आणि भर रस्त्यात तापणारी गाडी म्हणून आठवते. २००० नंतर मोठ्या झालेल्या पिढीच्या डोळ्यांसमोर एस्कलेड ही दांडगी एसयूव्ही येते. तिन्ही मतं खरी आहेत, कारण तीन काळांत कंपनीने तीन वेगळ्या प्रतीचं काम केलं.

महागड्या गाडीचं नाव शोरूममध्ये तयार होत नाही. पहिला मालक तीन-चार वर्षांत गाडी विकून मोकळा होतो. दहाव्या वर्षी तिसऱ्या मालकाच्या हातात ती कशी चालते आणि तिचं नाव काढल्यावर मेकॅनिकचा चेहरा कसा होतो, यावर पुढच्या नव्या गाडीला गिऱ्हाईक मिळणार की नाही ते ठरतं. म्हणून कॅडिलॅकचा इतिहास समजून घ्यायचा तर जाहिराती बाजूला ठेवून इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडायला हवं.

लेलँड यांची शिस्त

१९०२ मध्ये डेट्रॉइटमध्ये हेन्री फोर्ड यांचं भागीदारांशी बिनसलं आणि ते स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडले. उरलेली यंत्रं विकून पैसे मोकळे करायचे म्हणून भागीदारांनी हेन्री लेलँड यांना किंमत ठरवायला बोलावलं. लेलँड शस्त्रांच्या कारखान्यांत आणि ब्राउन अँड शार्प या मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत तयार झालेले. पुढे डेट्रॉइटमध्ये ते ओल्ड्समोबाइलसाठी इंजिनं बनवत. त्याच इंजिनाचे भाग जास्त काटेकोर मापात बनवून आणि रचनेत सुधारणा करून त्यांनी त्यातून कितीतरी जास्त ताकद काढली होती, पण ओल्ड्सने ते इंजिन घेतलं नव्हतं. भागीदारांना त्यांनी सांगितलं की कारखाना विकू नका, हे इंजिन बसवून गाडी काढा. २२ ऑगस्ट १९०२ ला कंपनीला कॅडिलॅक हे नाव मिळालं. १७०१ मध्ये डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याचं हे नाव.

त्या काळी गाडीचे भाग कारखान्यातून साधारण मापाचे येत आणि फिटर कानस घेऊन ते एकमेकांत बसवत. त्यामुळे एका गाडीचा पिस्टन दुसऱ्या गाडीत बसेलच असं नव्हतं. गाडी मोडली की सुटा भाग आणूनही पुन्हा घासाघीस करावी लागे. लेलँड यांनी प्रत्येक भागासाठी गेज ठरवले आणि हजारांश इंचापर्यंत माप पाळलं. स्वीडनच्या योहानसन यांचे मापठोकळे अमेरिकेत सर्वांत आधी वापरणाऱ्या कारखान्यांपैकी कॅडिलॅक एक होती.

याची परीक्षा १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये झाली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर एकसिलिंडरी तीन कॅडिलॅक आणल्या. तिन्ही पूर्ण सुट्या केल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग झाले. सगळे भाग एकत्र मिसळले, त्यातले ८९ काढून टाकून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले भाग घेतले आणि त्या ढिगातून नुसते पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर वापरून तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या. कानस लावायला परवानगी नव्हती. मग तिन्ही गाड्या ५०० मैल पळवल्या, त्या पळाल्या. याबद्दल क्लबची ड्यूअर ट्रॉफी कॅडिलॅकला मिळाली आणि ‘जगाचं प्रमाण’ हे बिरुद कंपनी मिरवू लागली. बिरुद मोठं होतं, पण त्यामागे साक्षीदारांसमोर केलेलं काम होतं. पुढच्या सगळ्या चढउतारांत हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

१९०९ मध्ये जनरल मोटर्सने, म्हणजे नंतर ज्यांनी आपल्या तळेगावात शेवरोलेचा कारखाना काढला त्या जीएमने, कॅडिलॅक विकत घेतली. लेलँड कारभार बघत राहिले.

हँडल मारणं थांबलं

१९१२ पर्यंत पेट्रोल गाडी पुढून हँडल मारूनच सुरू करावी लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट, क्वचित जबडाही मोडे. विजेची मोटर लावायची कल्पना नवी नव्हती. अडचण अशी की इंजिन फिरवायला लागणारी ताकद सतत देऊ शकेल अशी मोटर इंजिनाच्याच आकाराची झाली असती. चार्ल्स केटरिंग यांनी आधी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी मोटर बनवली होती आणि तिथे त्यांना एक गोष्ट कळली होती: काही सेकंदांपुरतंच काम असेल तर छोट्या मोटरवर तिच्या क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकता येतो, ती जळायच्या आत काम संपतं. त्यांच्या डेल्को कंपनीने कॅडिलॅकसाठी असा स्टार्टर बनवला. सुरू करताना बॅटऱ्या एकामागोमाग जोडून २४ व्होल्ट मिळत. इंजिन सुरू झालं की तीच मोटर जनरेटर होऊन ६ व्होल्टवर बॅटऱ्या चार्ज करी आणि दिवे लावी. कॅडिलॅकला दुसऱ्यांदा ड्यूअर ट्रॉफी मिळाली. ज्यांना हँडल फिरवणं जमत नव्हतं, अशा सगळ्यांना, विशेषतः स्त्रियांना, पेट्रोल गाडी यानंतर स्वतः चालवता येऊ लागली.

१९१५ च्या मॉडेलसाठी व्ही-८, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर बसवलेलं, इंजिन आलं: सुमारे ५.१ लिटर, ७० अश्वशक्ती. आठ सिलिंडरचं इंजिन मोठ्या संख्येने बनवून विकणारी ही अमेरिकेतली पहिली कंपनी. सुरुवातीला तक्रारी आल्या, विशेषतः विजेच्या जोडण्यांच्या. शिवाय या इंजिनाचा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) सपाट होता, म्हणजे त्याच्या सगळ्या क्रँक एकाच प्रतलात होत्या, त्यामुळे ठरावीक वेगाला आडवी थरथर जाणवे. १९२४ च्या मॉडेलमध्ये क्रँक एकमेकींशी ९० अंशांत ठेवून वजनं बसवली आणि थरथर गेली. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक अमेरिकन व्ही-८ मध्ये हीच रचना आहे. आधी दोष राहिला, पण इंजिन न टाकता तो मुळातून काढला, आणि त्यातूनच नाव वाढलं.

१९१७ मध्ये लेलँड बाहेर पडले आणि त्यांनी लिंकन काढली. अमेरिकेतल्या दोन्ही प्रतिस्पर्धी आलिशान ब्रँडांचा संस्थापक एकच माणूस आहे.

पॅकार्डला मागे टाकलं ते कसं

१९२० च्या दशकात अमेरिकेतली मानाची गाडी पॅकार्ड होती. जीएमचे आल्फ्रेड स्लोन यांनी ब्रँडांची उतरंड लावली: खाली शेवरोले, वर कॅडिलॅक, मधे बाकीचे. माणसाची मिळकत वाढेल तशी त्याने पायरी चढावी. कॅडिलॅक आणि बुइक यांच्यामधली जागा भरायला १९२७ मध्ये लासाल ही गाडी काढली आणि तिचं रूप घडवायला हार्ली अर्ल यांना बोलावलं. ते कायमचे राहिले आणि गाडीचं दिसणं हा कारखान्यातला स्वतंत्र विभाग झाला. १९२९ च्या मॉडेलमध्ये सिंक्रोमेश गिअर आले, म्हणजे गिअर बदलताना दातांचा खरखराट थांबला. जानेवारी १९३० मध्ये ७.४ लिटरचं व्ही-१६ इंजिन आलं. शेअर बाजार काही महिन्यांपूर्वीच कोसळला होता, तरी १९४० पर्यंत अशा सुमारे चार हजार गाड्या विकल्या गेल्या.

मंदीत कॅडिलॅक बंद करायची की काय, इथपर्यंत चर्चा गेली होती. तेव्हा सर्व्हिस विभागाचे प्रमुख निकोलस ड्रायस्टॅट यांच्याबद्दल एक हकिकत सांगितली जाते. कृष्णवर्णीयांना कॅडिलॅक विकायची नाही असा कंपनीचा रिवाज होता. पण दुरुस्तीला येणाऱ्या गाड्या पाहून ड्रायस्टॅट यांच्या लक्षात आलं होतं की कृष्णवर्णीय डॉक्टर, मुष्टियोद्धे, गायक या गाड्या वापरतात; एखाद्या गोऱ्या माणसाला जास्तीचे पैसे देऊन त्याच्या नावावर घेतात. त्यांनी वरिष्ठांना या गिऱ्हाइकाला सरळ विक्री करायला लावलं असं म्हणतात. विक्री सावरण्यात याचा वाटा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. किमती उतरवणं आणि कारखान्यातला खर्च कमी करणं हीही कारणं होतीच. १९३४ मध्ये ड्रायस्टॅट कॅडिलॅकचे प्रमुख झाले. कृष्णवर्णीय अमेरिकेत कॅडिलॅकला जे स्थान आहे त्याची मुळं मात्र नक्की याच काळात आहेत. जिथे हॉटेल आणि घरं नाकारली जात, तिथे स्वतःच्या पैशाने घेतलेली ही गाडी रस्त्यावर उघडपणे चालवता येत होती.

पॅकार्डने १९३५ मध्ये मंदीवर तोड म्हणून मधल्या किमतीची गाडी काढली. कंपनी वाचली, पण वरचा मान हळूहळू गेला. १९५४ मध्ये पॅकार्ड स्टुडबेकरबरोबर एकत्र आली आणि १९५८ नंतर नावच संपलं. कॅडिलॅकच्या लोकांनी हे सगळं जवळून पाहिलं होतं.

शिखर

१९४९ चं व्ही-८ हे माझ्या मते कॅडिलॅकचं सर्वोत्तम काम. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असत, त्यामुळे ज्वलनकक्ष पसरट व्हायचा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी आतली हवा किती पट दाबली जाते ते, फार वाढवता येत नसे. नव्यात व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, पिस्टनचा फेरा आखूड झाला. ५.४ लिटरमधून १६० अश्वशक्ती मिळाली, आणि आकाराने मोठ्या असलेल्या जुन्या इंजिनापेक्षा हे सुमारे ९० किलोने हलकं होतं. चांगलं पेट्रोल मिळू लागेल तसं कॉम्प्रेशन वाढवता यावं, एवढी ताकद ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागात, आधीच ठेवली होती. १९५० च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत जवळजवळ कारखान्यातून आली तशी एक कॅडिलॅक दहावी आली. त्याच संघाची वेगळी बॉडी चढवलेली दुसरी अकरावी.

शेपटीकडच्या पंखांची सुरुवात १९४८ मध्ये लॉकहीडच्या पी-३८ लढाऊ विमानावरून झाली आणि १९५९ मध्ये ते कळसाला पोचले. लोक याच चित्राने कॅडिलॅक ओळखतात. पण पंख शोभेचे होते. पत टिकली ती त्यांच्या खालच्या इंजिनामुळे आणि हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समुळे. हेच गिअरबॉक्स आणि कॅडिलॅकची इंजिनं दुसऱ्या महायुद्धात स्टुअर्ट रणगाड्यांत, दर रणगाड्याला दोन अशी, चालली होती.

आकडे वाढले, काम उतरलं

१९६० च्या सुमारास वर्षाला दीड लाखाच्या आतबाहेर असलेला खप १९७८ मध्ये साडेतीन लाखांवर गेला. जी गाडी प्रत्येक गल्लीत दिसते ती मानाची राहत नाही, हा एक भाग. दुसरा भाग कारखान्यातला. वेग वाढवायला आणि खर्च वाचवायला बॉडी, सुटे भाग, जुळणी हे सगळं जीएमच्या सामायिक विभागांकडे जात गेलं. आतलं प्लॅस्टिक पातळ झालं, दाराच्या फटी वाढल्या.

इंजिन मात्र फुगत गेलं. १९७० च्या एल्डोराडोत ८.२ लिटरचं इंजिन आणि कागदावर ४०० अश्वशक्ती होती. १९७६ मध्ये त्याच आकाराच्या इंजिनाची अश्वशक्ती १९० लिहिली गेली. त्यातला काही फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे: १९७२ पासून पंखा, सायलेन्सर वगैरे जोडून मोजमाप होऊ लागलं. बाकीचा फरक शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी उतरवलेल्या कॉम्प्रेशनचा आणि धूर कमी करण्याच्या जोडण्यांचा.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. १९७५ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी १९७८ मध्ये १८ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटरच्या थोडी वर, आणि १९८५ मध्ये साडेसत्तावीस मैल, म्हणजे पावणेबारा किलोमीटरच्या जवळ हवी. दहा वर्षांत सगळी इंजिनं बदलायची होती.

पहिलं उत्तर चांगलं होतं. १९७५ ची सेव्हिल शेवरोले नोव्हाच्या सांगाड्यावरून घेतलेली, पण इतकी बदललेली की ओळखू येत नसे. पेट्रोल इंजेक्शन होतं, आणि लिमोझिन सोडल्या तर ही छोटी गाडी कॅडिलॅकची सर्वांत महाग गाडी होती. ती खपलीही. त्यामुळे स्वस्त गाडीचा सांगाडा वापरला म्हणून कॅडिलॅक बुडाली, हे सरसकट विधान मला मान्य नाही. त्यावर किती काम केलं हा प्रश्न असतो.

तीन इंजिनं

पुढच्या सात वर्षांत जे झालं ते सविस्तर पाहायला हवं, कारण आजपर्यंतची बदनामी तिथली आहे.

पहिलं ५.७ लिटरचं डिझेल, १९७८ पासून, बनवलं ओल्ड्समोबाइलने. हे पेट्रोल इंजिनावरून बेतलेलं. ब्लॉक जाड केला होता. पण कारखान्यातली छिद्रं पाडायची यंत्रं तीच वापरता यावीत म्हणून हेड धरणाऱ्या बोल्टांची संख्या आणि जागा पेट्रोल इंजिनाचीच ठेवली: प्रत्येक हेडला दहा. डिझेलचं कॉम्प्रेशन साडेबावीसास एक, पेट्रोलचं आठ-नऊ. प्रेशर कुकरचं झाकण तेच ठेवून आतला दाब दुपटीहून जास्त करावा, तसं हे झालं. बोल्ट ताणले जात, गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला गळती रोखणारा पातळ थर) उडे, कूलंट सिलिंडरमध्ये उतरे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताच कनेक्टिंग रॉड वाकायचा. मेकॅनिक गॅस्केट बदलून तेच ताणलेले बोल्ट पुन्हा बसवत आणि काही महिन्यांत तेच दुखणं परत येई. भरीला, डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर दिलाच नव्हता, म्हणून इंजेक्शन पंप गंजत. १९८० ची सेव्हिल मुळातच या डिझेलसह येत होती. अमेरिकेतल्या सामान्य ग्राहकाच्या मनातून डिझेल कार पुढची कित्येक वर्षं उतरली ती यामुळे.

दुसरं १९८१ चं व्ही-८-६-४. सहा लिटरचं इंजिन. भार कमी झाला की आठपैकी दोन किंवा चार सिलिंडर बंद व्हायचे. रॉकर आर्मच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या छोट्या तरफेच्या, टेकूवर सोलेनॉइड (विजेवर चालणारी खीळ) बसवलेला होता. तो टेकू मोकळा करी, रॉकर नुसताच वरखाली होई आणि व्हॉल्व्ह बंद राही. यांत्रिक भाग ठीक होता. कमी पडला तो कॉम्प्युटर: किती सिलिंडर हवेत हे त्या काळच्या चिपला वेळेवर ठरवता येत नसे, त्यामुळे गाडी धक्के देई, अडखळे. प्रोग्रॅमच्या सुधारित चिप एकामागून एक आल्या, उपयोग झाला नाही. शेवटी गॅरेजवाल्यांनी एक वायर काढून टाकायचा मार्ग शोधला. मग ते इंजिन कायम आठ सिलिंडरवर चाले आणि उत्तम चाले. लिमोझिन सोडून बाकी गाड्यांत ते एकच वर्ष राहिलं. हीच कल्पना २००० नंतर वेगवान कॉम्प्युटरसह क्रायस्लर आणि जीएमच्या इंजिनांत आली, आणि आज ती चालते आहे.

तिसरं १९८२ चं एचटी-४१००: ४.१ लिटर, १२५ अश्वशक्ती. आखलेलं होतं हलक्या गाड्यांसाठी, पण त्या गाड्या लांबल्या आणि हे इंजिन पावणेदोन टनांच्या आसपासच्या गाड्यांत बसलं. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत लोखंडी लायनर, वर हेड बिडाचं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. रोज तापणं-निवणं सुरू झालं की दोन्हींच्या मधली गॅस्केट घासत राहते, विशेषतः इनटेक मॅनिफोल्ड या सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागाखालची. तिथून कूलंट तेलात मिसळतो, तेलाचा चिकटपणा जातो, बेअरिंगं आणि कॅम झिजतात. गळती रोखायला कूलंटमध्ये ठरावीक गोळ्या टाकाव्यात, असं खुद्द कंपनीचंच सांगणं होतं. नुसता कूलंट बदलून गोळ्या न टाकणाऱ्या गॅरेजांतून कितीतरी इंजिनं मेली.

तिन्हींमध्ये कल्पना चुकीची नव्हती. वेळ अपुरा पडला, चाचणी अपुरी झाली, आणि उरलेली चाचणी गिऱ्हाइकाच्या पैशाने झाली.

त्याच सुमारास, १९८२ च्या मॉडेलची सिमॅरॉन आली. बीएमडब्ल्यूच्या छोट्या गाड्यांकडे जाणारे तरुण गिऱ्हाईक धरायचे होते. गाडी होती शेवरोले कॅव्हेलियरच: तेच दरवाजे, तेच १.८ लिटरचं चार सिलिंडरी ८८ अश्वशक्तीचं इंजिन. चामड्याच्या सीट, वेगळी जाळी आणि बारा हजार डॉलरच्या वर किंमत. सेव्हिलवर जे काम झालं होतं ते इथे झालंच नाही. १९८८ मध्ये बंद होईपर्यंत सव्वा लाखाहून जास्त विकल्या गेल्या, म्हणजे सव्वा लाखाहून जास्त घरांसमोर ही तुलना रोज उभी राहिली. १९८६ मध्ये एल्डोराडो इतकी आखूड केली की ती जीएमच्या स्वस्त गाड्यांसारखी दिसू लागली. खप एका वर्षात ७६ हजारांवरून २१ हजारांवर आला.

अलांते या दोन सीटच्या उघड्या कॅडिलॅकवर मी फार थांबत नाही. बॉडी इटलीत पिनिनफरिनाकडे बनायची, बोइंग ७४७ मधून एका खेपेला ५६ अशा डेट्रॉइटला यायच्या. १९८७ ते १९९३ या काळात साधारण एकवीस हजार बनल्या. पैसा वाहतुकीत गेला आणि योग्य इंजिन शेवटच्या वर्षी मिळालं.

नॉर्थस्टार

ते इंजिन म्हणजे १९९३ चं नॉर्थस्टार: ४.६ लिटर, ३२ व्हॉल्व्ह, सेव्हिल एसटीएसमध्ये २९५ अश्वशक्ती. १९८९ मध्ये आलेल्या लेक्ससला दिलेलं हे उत्तर होतं. कूलंट सगळा गेला तरी सिलिंडर आळीपाळीने बंद ठेवून, नुसत्या हवेने थंड करत गाडी गॅरेजपर्यंत नेता येई. चालवायला इंजिन खरोखर सुंदर.

दोष होता ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधल्या आट्यांत. हेडचे वीस बोल्ट ब्लॉकमध्ये ज्या आट्यांत बसतात ते काही वर्षांनी सुटत, बोल्टसोबत ॲल्युमिनियमचा चुरा बाहेर येई. पकड सैल झाली की गॅस्केटमधून ज्वलनवायू कूलंटमध्ये शिरतो. ही लक्षणं साधारण १,००,००० मैलांनंतर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात दिसत. नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. सब-फ्रेमसकट इंजिन खाली उतरवायचं, वीसही छिद्रं ड्रिल करून नवे आटे पाडायचे, त्यांत पोलादी इन्सर्ट किंवा जाड स्टड बसवायचे, मग हेड चढवायचं. दोन-तीन खराब छिद्रंच दुरुस्त करून बाकीची सोडली, तर ती पुढे दगा देतात. मजुरी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होते, म्हणून चांगल्या दिसणाऱ्या गाड्या भंगारात गेल्या. नंतरच्या वर्षांत कंपनीने बोल्ट आणि आटे बदलले आणि तक्रारी कमी झाल्या.

अमेरिकेत कुणी अशी जुनी सेव्हिल किंवा डेव्हिल घेत असेल तर गाडी थंड असताना पोचावं. कूलंटची टाकी उघडून पातळी बघावी. इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटांत वरचा होज (कूलंटची रबरी नळी) दगडासारखा घट्ट झाला, तर ज्वलनवायू आत जातो आहे, कारण कूलंट इतक्या लवकर तापून दाब देत नाही. टाकीच्या तोंडाशी ब्लॉक टेस्टरचं निळं द्रावण धरावं. ते पिवळं पडलं तर संशय उरत नाही. गाडी शहरात ठीक आणि हायवेवर चढाला तापते, हेही गॅस्केटचंच लक्षण. पण निकाल देण्याआधी दोन स्वस्त कारणं तपासावीत: टाकीकडे जाणारी हवा काढायची बारीक नळी गाळाने बुजलेली असते, आणि वॉटर पंप कॅमशाफ्टवरच्या वेगळ्या छोट्या पट्ट्यावर चालतो, त्याचा टेन्शनर ढिला पडतो. या दोन्ही गोष्टी न पाहता बाद ठरवलेल्या गाड्या बऱ्याच असतात.

एस्कलेड आणि सीटीएस

१९९८ मध्ये लिंकनने खपात कॅडिलॅकला मागे टाकलं. कारण नॅव्हिगेटर ही एसयूव्ही. कॅडिलॅककडे एसयूव्हीच नव्हती. घाईने जीएमसी युकॉन डेनालीवर कॅडिलॅकचं चिन्ह लावून १९९९ ची एस्कलेड काढली. डिसेंबरचे विक्रीचे आकडे फुगवल्याचं पुढे उघड झालं आणि जीएमला माफी मागावी लागली; नावाच्या दृष्टीने हा तळ होता. २००२ ची दुसरी एस्कलेड मात्र स्वतःच्या रूपाची होती. रॅप गायकांनी आणि खेळाडूंनी ती उचलली, आणि तरुणांना कॅडिलॅक पुन्हा हवीशी वाटली.

माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची २००३ च्या मॉडेलची सीटीएस. मागच्या चाकांना ताकद देणारा नवा सांगाडा, लॅन्सिंगला नवा कारखाना, सस्पेन्शनची बांधणी जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकवर. आतलं प्लॅस्टिक हलकं होतं, पण गाडी वळणावर सरळ वागायची. २००८ च्या दुसऱ्या पिढीने प्लॅस्टिकही सुधारलं आणि ५५६ अश्वशक्तीच्या सीटीएस-व्हीने त्याच ट्रॅकचा फेरा आठ मिनिटांच्या आत पूर्ण केला. जर्मन गाड्यांशी तुलना करणारे समीक्षक आता हसत नव्हते. ग्राहक मात्र लगेच आले नाहीत. ज्याच्या घरी १९९८ ची नॉर्थस्टार तापत होती, तो २००८ ची कॅडिलॅक बघायलाही शोरूममध्ये जात नव्हता. गाडी सुधारणं आणि नाव सुधारणं यांत दहा-पंधरा वर्षांचं अंतर पडतं ते असं.

मधेच २०१२ ची क्यू ही टच स्क्रीनची प्रणाली आली. आवाजाची फिरकीही काढून टाकली होती. स्क्रीनची काच आणि तिच्या मागचा स्पर्शाचा थर यांच्यातला चिकट थर उन्हाने सुटे, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसत आणि स्क्रीन आपोआप दाबली जाई. यात पूर्ण युनिट बदलायची गरज नसते. नुसतं स्पर्शाचं पॅनेल बदललं तरी खर्च बराच खाली येतो. २०१५ च्या सुमारास मुख्यालय न्यूयॉर्कला नेलं, चार वर्षांत परत मिशिगनला आणलं. अभियंते सगळा वेळ मिशिगनलाच होते.

२०१७ मध्ये चीनमधला खप, १ लाख ७५ हजारांच्या आसपास, अमेरिकेतल्या खपापेक्षा जास्त झाला. तिथल्या ग्राहकाला १९८० च्या दशकातली कॅडिलॅक माहीतच नव्हती, म्हणून तो नव्या गाडीकडे नव्या नजरेने बघू शकला. पुढे चिनी कंपन्यांच्या विजेच्या गाड्या आल्या आणि तो खप उतरला.

आज एकाच शोरूममध्ये दोन टोकं उभी आहेत. सीटी-५ व्ही ब्लॅकविंगमध्ये सुपरचार्जर लावलेलं ६.२ लिटरचं व्ही-८ आणि हाताने टाकायचे सहा गिअर आहेत. दुसरीकडे लिरिक, ऑप्टिक, व्हिस्टिक या विजेच्या गाड्या आहेत. विजेच्या गाड्यांसाठी शोरूममध्ये नवी गुंतवणूक करा, नाहीतर मोबदला घेऊन बाहेर पडा, असं सांगितल्यावर अमेरिकेतल्या सुमारे एक तृतीयांश विक्रेत्यांनी पैसे घेऊन कॅडिलॅक सोडली. लिरिकचं उत्पादन मार्च २०२२ मध्ये टेनेसीतल्या स्प्रिंग हिलला सुरू झालं, पण बॅटरीचे मॉड्यूल जोडणाऱ्या यंत्रांमुळे २०२३ मध्ये वेग पकडता आला नाही आणि पहिल्या गाड्यांत सॉफ्टवेअरच्या तक्रारी आल्या. तरी यावेळी कंपनीने गाड्या भरभर बाहेर ढकलण्यापेक्षा खप कमी राहू दिला. १९८२ मध्ये हे झालं नव्हतं.

या गाड्यांच्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची आहे. पहिल्या लिरिक २०३० मध्ये त्यातून बाहेर पडतील आणि तिसऱ्या मालकाकडे जाऊ लागतील.